दारात आडवी पडलेली बाज

मला पलंग म्हणू नका. मी बाज आहे. पलंगाला खोली लागते, मान लागतो. मला अंगणात टाका, ओट्यावर टाका, टेम्पोच्या हौद्यात टाका, मी चार पायांवर उभी राहते आणि कुरकुरते. ती कुरकुर माझा स्वभाव आहे. त्याबद्दल माफी मागायला मी काही इथं बोलत नाही.

कुरकुंभच्या अलीकडे आमची वस्ती. बाभळीच्या लाकडातून मला घडवलं ते मेहमूदच्या वडिलांनी, काथ्यानं विणलंही त्यांनीच. रोशनबी सून होऊन आली आणि मी तिची झाले. तिची बाळंतपणं माझ्यावर झाली, खाली शेगडी ठेवून. धुरानं माझी पाठ काळी पडली आणि तिची पोरं गोरीगोमटी वाढली. मला त्याचं काही वाटलं नाही.

माझ्या पायथ्याला एक दोरी होती. वीण सैल पडली की ती ओढून मला ताठ करायचे. घरात सगळ्यांत पक्की दोरी तीच, आणि घात केला तोही तिनंच.

कारखान्यांचे पत्रे तेव्हा नुकते चढत होते. एका दुपारी रोशनबी गोवऱ्या काढायला गेली आणि ढिगाखालच्या घोणशीनं तिच्या घोट्याला दंश केला. मेहमूदचं हायवेला पंक्चरचं दुकान. तो धावत आला, विळ्यानं माझी पायथ्याची दोरी कापली आणि बायकोच्या पिंढरीला आवळली. टायर ओढून कमावलेले हात ते. जितकं घट्ट तितकं विष खालीच राहील, असं आमच्याकडं सगळेच धरून चालतात. तिला बसवेना, म्हणून शेजारच्या म्हाळूनं आपल्या टेम्पोत तिला माझ्यासकट चढवलं आणि वर गोधडी टाकली.

आम्ही गेलो तालुक्याच्या एका सरकारी दवाखान्यात. हायवेला जीप उलटली होती. एकेका कॉटवर दोन दोन माणसं, एकाचं डोकं तिकडं, दुसऱ्याचं इकडं. सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजाला टांगलेल्या. डॉक्टर एकच, पोरगेलासा, शर्टाला रक्त लागलेला. त्याला मी दोष देत नाही. पण वॉर्डबॉयनं मला पाहून नाक मुरडलं, ते मी विसरलेले नाही. घरची खाट आत चालणार नाही म्हणाला आणि आम्हाला व्हरांड्यात ठेवलं.

मग सुरू झालं ‘थांबा’. मेहमूद टोपी हातात घेऊन येईल त्याला सांगायचा, साप चावलाय, पाय गार पडलाय. उत्तर एकच, थांबा. एकानं चालता चालता सांगितलं, पुण्याला न्या. गोधडी मात्र कुणी उचलली नाही. खाली पाय सुजत होता आणि दोरी मांसात रुतत होती. मला ते कळत होतं, कारण रोशनबीची बोटं माझ्या लाकडाला घट्ट धरत होती आणि मग हळूहळू त्यांतला जोर जात होता. मला राग आला. लाकडाला राग येत नाही असं कुणाला वाटत असेल तर वाटू द्या.

रोशनबीलाही आला. तिनं नवऱ्याला जवळ बोलावलं.

“उचला मला. त्या दारात आडवी ठेवा.”

मेहमूद घुटमळला. म्हाळूनं एक बाजू धरली तेव्हा त्यानं दुसरी धरली. अपघाताची माणसं मागच्या मोठ्या दारानं येत होती. हे दार डॉक्टर-सिस्टरच्या येण्याजाण्याचं. त्यांनी मला त्यात घातलं आणि मी चौकटीत अशी गच्च बसले की वॉर्डबॉयनं दोनदा ढकलूनही हलले नाही. तेवढी कुरकुरले मात्र मनसोक्त.

“माझा पाय बगितल्याबिगर ही बाज हलनार न्हाई,” रोशनबी म्हणाली. “कुनाला जायाचं आसंल त्यानं मला वलांडून जावा.”

झोपलेल्या माणसाला कुणी ओलांडत नाही. आजाऱ्याला तर नाहीच, त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. माया नावाची सिस्टर हातात ट्रे घेऊन घाईनं आली. तिनं ओलांडायला पाय उचलला, तसाच मागं घेतला आणि खाली वाकून गोधडी बाजूला केली. पाऊल काळंनिळं झालं होतं. तिनं डॉक्टरांना हाक मारली ती सबंध दवाखान्यानं ऐकली.

डॉक्टर माझ्याशेजारी फरशीवर गुडघे टेकून बसला. दाराच्या कडीला बाटली टांगली, विषावरचं औषध सुरू केलं आणि मगच दोरी जरा जरा सैल करत आणली. एवढी घट्ट कुणी बांधली, असं त्यानं विचारल्यावर मेहमूदनं मान खाली घातली.

“अहो, मग इतका वेळ सांगितलं का नाही?”

“सांगितलं,” रोशनबी म्हणाली. “आयकलं न्हाई कुनी.”

डॉक्टर पुढं तासभर जाता-येता तिच्या पायाला हात लावून गेला.

दोन बोटं गेली. पाऊल राहिलं. त्याच पावलानं ती घरी आली आणि तीच दोरी तिनं मेहमूदकडून गाठ मारून मला परत बांधून घेतली. नवी आणतो म्हणाला, तर नको म्हणाली.

आता मेहमूद नाही. घरात लोखंडी कॉट आलीय आणि मी शेळ्यांजवळ उभी असते. मधे सून रुबी पाणी तापवायला मला फोडणार होती. रोशनबी लंगडत आली, माझ्यावर बसली आणि उठलीच नाही. रुबीनं कुऱ्हाड ठेवून दिली.

कधीतरी मी चुलीत जाईनच. पण तोवर, तुमचं कुणी दवाखान्याच्या दारात पडलं असेल आणि आतून नुसतं ‘थांबा’च येत असेल, तर मला घेऊन जा. दोरीला गाठ आहे, पण पाय चारही शाबूत आहेत. दारात आडवं कसं पडायचं, ते मला येतं.