उजव्या कानातला चढा सूर

थोरलीनं काटा गुडघ्यावर आपटला आणि उजव्या कानाशी नेला. सूर चढा लागला. तिनं पुन्हा आपटला, या खेपेला डाव्या कानाशी धरला. सूर जिथल्या तिथे होता.

पोलादाच्या त्या दोन दातांच्या काट्यावर दोघी बहिणींचं पोट होतं. काटा एकच सूर देतो. त्या सुराला पियानोची एक तार जुळवायची आणि मग त्या तारेवरून बाकीच्या सगळ्या. लाकूड फुगतं, तारा सैलावतात, पण काटा आपला शब्द सोडत नाही, असं थोरली गिऱ्हाइकांना सांगायची.

म्हणूनच आधी तिला वाटलं, हा कुणीतरी पाडला. तिनं धाकटीला फैलावर घेतलं. धाकटी पियानोच्या हातोड्यांना फेल्टचं मऊ लोकरी कापड चिकटवत होती. तिनं काट्याला हातही लावला नव्हता, पण सकाळी सकाळी ताईच्या तोंडी कोण लागणार म्हणून तिनं मुकाट ऐकून घेतलं. थोरलीनं कपाटातून वडिलांच्या वेळचा दुसरा काटा काढला. तोही उजवीकडे चढा, डावीकडे बरोबर.

बिघाड काट्यात नव्हता.

ती कुणाला काही बोलली नाही. त्या दिवशी सभागृहातला मोठा पियानो लावायचा होता, संध्याकाळी कार्यक्रम होता. तिनं उजव्या कानात कापूस कोंबला आणि कामाला बसली. धाकटी शेजारी हत्यारं घेऊन उभी. मधल्या तारा कशाबशा लागल्या. पण कापसानं उजवा कान पुरता बंद होत नव्हता, आणि वरच्या पट्टीत गेल्यावर प्रत्येक तार तिला दोनदा ऐकू यायला लागली, एक खरी आणि एक तिच्या जराशी वर. आपण आजवर लावलेलं सगळंच चुकीचं असेल का, असं तिच्या मनात येऊन गेलं. ती खालच्या सुराला वरच्याशी जुळवायला तार ताणायची किल्ली फिरवत गेली. दोन्ही सूर बरोबरीनंच वर सरकत होते. तरी ती फिरवत राहिली.

तार कडाडून तुटली आणि तिच्या गालाला चाटून गेली.

धाकटीनं रुमालानं रक्त टिपलं. मग हळूच म्हणाली, "ताई, सभागृहाचा व्यवस्थापक केव्हाचा तुला हाका मारतोय. तुझ्या उजव्या हाताला उभा राहून."

थोरलीनं वळून पाहिलं. तो खरंच तिथे होता.

"तुला ऐकू येत नाहीये का?"

"येतंय," थोरली म्हणाली. "पण वेगळंच येतंय."

धाकटीनं तिच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि खुंटीमामाला फोन लावला. खुंटीमामा म्हणजे गावातला दुसरा पियानो लावणारा. दोघींशी त्याचा उभा दावा. यांनी लावलेला पियानो ऐकून तो दात दुखल्यासारखं तोंड करायचा. त्याला बोलवायचं म्हणजे थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं. कार्यक्रम होऊ दे, उद्या डॉक्टरकडे जाऊ, असं ती विनवत होती. धाकटीनं ऐकलं नाही. उरलेलं काम मामावर सोपवून तिनं थोरलीला तशीच डॉक्टरकडे नेली.

कानाच्या डॉक्टरांकडेही काटाच निघाला, जरा मोठा. त्यांनी तो वाजवून त्याचा दांडा तिच्या कपाळावर मधोमध टेकवला.

"कुठल्या बाजूला जास्त वाजतंय?"

"कुठल्या बाजूचा काय अर्थ, ते आधी सांगा."

"अर्थ नंतर. आधी बाजू."

जन्मभर तिनं काट्याला विचारलं होतं; आज काटा तिला विचारत होता. दोन्हीकडे सारखंच, असं सांगून उठावं असं तिला फार वाटलं. कपाळाचं हाड थरथरत होतं.

"डावीकडे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मग समजावलं. मळ किंवा पाणी असतं तर आवाज आजारी कानाकडे ओढला गेला असता. तो चांगल्या कानाकडे गेला, म्हणजे दुखणं आत, नसेच्या बाजूला आहे. गोळ्या आजपासूनच घ्यायच्या. लगेच आलात हे बरं केलंत, पण कान किती परत येईल ते सांगता येत नाही.

पुढचे काही आठवडे तिनं भीतीतच काढले. भांडं वाजलं, दाराची कडी वाजली, की ती जागीच थबकून कान द्यायची. झोपताना आत शिट्टी वाजत राहायची. हळूहळू शिट्टी मंदावली, दोन सूर जवळ येत गेले. अगदी एक मात्र झाले नाहीत. वरच्या पट्टीत फट राहिली ती राहिलीच.

पुन्हा कामाला लागली तेव्हा तिनं स्वतःच खुंटीमामाला बोलावलं. खालच्या आणि मधल्या तारा तिनं लावल्या, धाकटी बघत होती. वरची पट्टी आली तशी थोरलीनं किल्ली मामापुढे धरली. आता हा काहीतरी टोमणा मारणार म्हणून धाकटीनं ओठ आवळले.

मामानं किल्ली घेतली, थोरलीच्या मागून वळसा घातला आणि तिच्या डाव्या बाजूला येऊन बसला.

"चुकलो तर सांग हं, पोरी," तो म्हणाला.