दोन बोटं खिडकी

नेवाडातल्या त्या खडीच्या रस्त्यावर, आठ हजार फुटांवर, व्हर्ना आणि आर्डिथ या दोघी बहिणी दर ऑक्टोबरात चिलगोजे वेचायला मुक्काम टाकत. दोघींचे राहायचे ट्रेलर कायम शेजारी शेजारी. यंदा मात्र दोन ट्रेलरांच्या मध्ये अर्धा मैल उजाड माळ होता. आणि कारण काय, तर आर्डिथच्या ट्रेलरच्या छतातली तुटकी झडप!

"चाळणीत राहतेस तू, चाळणीत!" व्हर्ना पहिल्याच दिवशी बोलून गेली. "सत्तरी आली, एक झडप बदलता येत नाही?"

"मग नको येऊस माझ्या चाळणीत," असं म्हणून आर्डिथने ट्रेलर गाडीला जोडला आणि पुढे निघून गेली. थोरली असली म्हणून काय झालं, राग अगदी नाकावर.

आता माळावर मुक्काम टाकणाऱ्या या लोकांची एक रीत आहे. दुसऱ्याच्या तळावर बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. खुर्चीचं तोंड रस्त्याकडे असेल तर या, पाठ असेल तर मुकाट्याने पुढे चालू लागा. आर्डिथची खुर्ची चार दिवस पाठ करून उभी होती. व्हर्ना दुर्बिणीतून बघायची, "बस तशीच!" म्हणून पुटपुटायची आणि तासाभराने पुन्हा बघायची. नवरा गेल्यापासून तिला दुसरं होतं तरी कोण?

पाचव्या दिवशी वारा उत्तरेकडून सुटला. दुर्बिणीत आर्डिथ खोकताना दिसली, गाडीला धरून, पार वाकून. मग कसली रीत आणि कसलं काय! व्हर्नाने शिडी, पत्र्याचा तुकडा, चिकटपट्टी आणि मेरिलचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, गॅसवरचा हीटर गाडीत टाकला आणि चार वाजता तिथे जाऊन उभी राहिली.

"कुणी बोलावलं तुला?" आर्डिथ म्हणाली.

"कुणी नाही. शिडी धर."

आर्डिथने शिडी धरली. व्हर्नाने झडपेवर पत्रा ठेवला, वरून पट्टीचे चार थर चढवले, कडा अंगठ्याने दाबून दाबून बसवल्या. जन्मभर शिवणकाम केलेला हात तो, फट राहतेय कुठली!

"माझा हीटर इथे टिकत नाही गं," आर्डिथ खालून म्हणाली. "दहा मिनिटांत विझतो."

"उंचीवर हवा विरळ. सगळ्यांचे विझतात. मेरिलचा नाही विझत. त्याने ती आपोआप विझायची भानगडच काढून टाकलीय. रात्रभर एकदाही बंद पडायचा नाही."

"आणि तू काय करशील?"

"मला गोधड्या आहेत चार. तू खोकत बसलीस तर चिलगोजे मला एकटीला वेचावे लागतील, त्याचं काय?"

आर्डिथ हसली. हसता हसता डोळे पुसायला लागली. "सकाळी कॉफीला ये," ती म्हणाली. "बोलावतेय बरं का. अगदी रीतसर."

परत येताना व्हर्ना गाडीत चक्क गात होती. किती सोपं होतं हे! चार दिवस उगाच फुकट घालवले.

सकाळी तिला जाग आली ती थंडीने. भांड्यातलं पाणी गोठून दगड झालं होतं. एवढा वारा येतोय कुठून म्हणून तिने हात वर केला, तर उशाची खिडकी दोन बोटं उघडी. झोपताना तिनेच उघडली होती, तीस वर्षांच्या सवयीने. हीटर नव्हता, तरीसुद्धा. अगं बाई, कशाला उघडली मी ही?

मग तिला मेरिल आठवला. रोज रात्री त्याचं तेच: "दोन बोटं उघडी ठेव गं. हा हीटर जळताना जो विषारी वायू सोडतो, त्याला वास नसतो. बंद केलीस तर सकाळी उठणार नाही आपण."

ती ताडकन उठून बसली. हे तिने आर्डिथला सांगितलंच नव्हतं. वर स्वतःच्या हाताने छत बुजवून आली होती.

गाडीच्या काचेवर बर्फाचा थर होता, खरवडत बसायला वेळ कुठला. ती तशीच पळत सुटली. पन्नास पावलांत छाती भरून आली. सुटली असेल पट्टी, ती स्वतःला सांगत होती, असल्या गारठ्यात पट्टी टिकते होय? देवा, माझं काम कच्चं निघू दे. फक्त आजच्या दिवस कच्चं निघू दे.

चढ संपला आणि ट्रेलरचं छत दिसलं. उन्हात पट्टी चकाकत होती. एकही कडा उचललेली नव्हती.

पण खाली खुर्ची रस्त्याकडे वळवलेली होती! शेजारी दुसरी खुर्ची, टेबलावर दोन कप. "उठलीय! उठलीय माझी बाई!" व्हर्ना मोठ्याने हसली, धापा टाकत टेबलापाशी आली आणि कप उचलला.

कपाच्या तळाशी दंव गोठलेलं होतं. दुसऱ्याच्याही. कप कालच मांडून ठेवलेले होते.

तिने दार ओढलं. आतली ऊब तोंडावर आली. आर्डिथ गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून निजली होती.

"आर्डिथ, मी आलेय गं," व्हर्ना म्हणाली. "तूच बोलावलं होतंस ना?"

कोपऱ्यात हीटर संथ जळत होता. रात्रभरात एकदाही बंद पडला नव्हता.