टेलरमास्तरांची छाती आणि मी

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलं असेल, पण माझ्याकडे कुणी पाहिलं नसेल. माझ्यासमोर माणूस उभा राहतो तो माझ्यावर खोचलेली फिल्म पाहायला. मी एक जुनी उजेडाची पेटी आहे. दवाखान्यात मला व्ह्यू बॉक्स म्हणतात. एक्स-रेची काळी फिल्म नुसती हातात धरून नीट दिसत नाही, तिच्या पाठीशी उजेड लागतो. तो देणं, एवढंच माझं काम.

एका लहानशा कारखान्यात पत्रा वाकवून माझं अंग घडवलं. आत दोन ट्यूबा, पुढे दुधी काच, वरच्या कडेला फिल्म खोचायची पट्टी. मला घडवणाऱ्या कारागिरानं पहिल्यांदा बटण दाबलं, आपला खरबरीत तळवा माझ्या काचेवरून फिरवला, उजेड सगळीकडे सारखा पडतोय ना ते पाहिलं आणि म्हणाला, "गुणी झाली." त्या दोन शब्दांवर मी कित्येक वर्षं काढली.

दवाखान्यात मला डॉक्टरबाईंच्या खोलीत बसवलं. या डॉक्टरबाई गोळ्या देत नसत की टाके घालत नसत. शरीराच्या आतली चित्रं पाहून दुखणं ओळखणं हे त्यांचं काम. एक्स-रे काढायला काका होते. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुऊन ते ओलीच घेऊन येत, आणि तिचे थेंब माझ्या अंगावर ओघळत. त्या औषधी पाण्याचा आंबूस वास मला अजून प्रिय आहे. कुणाचा मोडलेला हात, कुणाच्या पोटात गेलेलं बटण, कुणाची थकलेली कंबर, सगळं माझ्या छातीशी येऊन टेके. आत जातीचा, पैशाचा, रूपाचा काही पत्ता लागत नाही, मित्रांनो. आत सगळ्यांना देवानं सारख्याच बरगड्या दिल्या आहेत. हे रोज पाहायला मिळणं हे मी माझं भाग्य मानते.

डॉक्टरबाईंची एक खोड होती. नवी फिल्म माझ्यावर लागली की त्या पहिलं वाक्य बोलत, "जुनी कुठाय?" पेशंट डोकं खाजवत. कुणी म्हणे हरवली, कुणी म्हणे माळ्यावर असेल. बाई चिडत नसत. म्हणत, "आजचं चित्र आज काय आहे ते सांगतं. जुनं शेजारी ठेवलं की आत काय चाललंय ते कळतं." म्हणून माझ्यावर नेहमी दोन फिल्मा शेजारी शेजारी लागत, एकाच माणसाच्या, दोन वेळच्या.

मग संगणक आले. चित्रं थेट पडद्यावर उमटू लागली, मोठी करता येऊ लागली, धुण्याचा त्रास गेला. चांगलंच झालं. पेशंटना ताटकळावं लागेना. पण माझे स्क्रू काढले गेले. त्याच खोलीच्या कोपऱ्यात, एक्स-रेचे किरण अडवणाऱ्या शिशाच्या जड एप्रनांमागे मला उभं केलं. माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवत. एकदा तर कॅलेंडर बदलायला कुणीतरी माझ्यावर पाय देऊन चढलं. राग नाही आला, पण कारागिराचा तळवा आठवला.

आता त्या दिवशी काय झालं ते ऐका.

टेलरमास्तर आणि त्यांची बायको बाईंच्या खोलीत आले. मास्तर सत्तरीचे, हृदय आधीच नाजूक. पायऱ्या चढताना दम लागतो म्हणून छातीचा फोटो काढला, तर उजव्या फुप्फुसात एक पांढरा डाग निघाला. डाग कसला, ते सीटी स्कॅनच्या मोठ्या मशीनलाही छातीठोकपणे सांगता येईना. शेवटी सर्जननं दोनच दिवसांनंतरची तारीख दिली होती. छाती उघडून डागाचा तुकडा तपासायला काढायचा. नाजूक हृदयाला ते झेपेल की नाही, हे कुणी सांगू शकत नव्हतं.

बाईंनी पडद्याकडे पाहत विचारलं, "मास्तर, जुनी फिल्म आहे का?"

"अकरा वर्षांपूर्वी खोकला झाला होता, तेव्हा इथंच काढलेली," मास्तर म्हणाले.

"इतक्या जुन्या फिल्मा आपल्याकडे राहत नाहीत. घरी आहे का?"

मास्तर बुटांकडे बघू लागले. शेवटी बायकोच बोलली, "सांगा की आता! अहो डॉक्टरबाई, यांनी ती कापून कपडे बेतायचे साचे केले. फिल्म ताठ असते, कड उसवत नाही, खडू पुसला जातो, म्हणे. जगानं पुठ्ठ्यावर कॉलर बेतली, यांनी स्वतःच्या छातीवर!"

"चांगलं बेतलं जायचं गं," मास्तर पुटपुटले.

"तुकडे आहेत का अजून?" बाई ताडकन उठल्या.

"दुकानात खिळ्याला टांगलेत. अकरा वर्षं त्यांच्यावरच बेततोय."

"मग बसलात काय! घेऊन या. डाग तेव्हाही असला आणि तेवढाच असला, तर घाबरायचं कारण नाही."

बायको धावत गेली आणि तासाभरात दोरीत ओवलेले पाच तुकडे घेऊन आली. दोन कॉलरी, दोन कफ आणि एक खिसा. मधली कातरणं केव्हाच केरात गेलेली. फिल्मचे तुकडे पडद्यावर लावता येत नाहीत, मित्रांनो. काकांनी एप्रन बाजूला सारले आणि मला ओढून टेबलावर घेतलं. कपांचे गोल डाग ओल्या फडक्यानं पुसले. बटण दाबलं. मी दोनदा मिचमिचले. देवा, म्हटलं, आज नको दगा देऊस. आणि दोन्ही ट्यूबा लागल्या.

एका बाजूला नव्या फोटोची छापून आणलेली फिल्म खोचली. शेजारी काका तुकडे मांडू लागले. डाव्या कफाच्या कोपऱ्यात त्यांच्याच अक्षरात नंबर आणि तारीख निघाली. "माझंच अक्षर आहे हे," काका हळूच म्हणाले. कॉलरी वर बसल्या, कफ खाली. उजव्या फुप्फुसाच्या जागी बरोबर मधोमध खिसा बसला. आणि खिशात डाग होता! बायकोनं हात जोडले.

पण बाईंचा चेहरा उतरला. "जागा जुळत नाही. नव्यातला डाग बाहेरच्या बाजूला आहे, हा आतल्या बाजूला. हा निराळा डाग आहे. म्हणजे नवा खरंच नवा."

मी जळत राहिले. उजेड आपला असतो, उत्तर आपलं नसतं, हे मला त्या क्षणाइतकं कधी बोचलं नव्हतं.

मास्तर मात्र पुढे वाकले. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्या काचेवर नाक टेकेल इतके जवळ आले.

"डॉक्टरबाई, मला तुमचं काही कळत नाही. पण हा खिसा चुकीचा लागलाय."

"म्हणजे?"

"रेघा जुळत नाहीत. पट्टेरी शर्टाला खिसा लावताना शर्टाची रेघ खिशाच्या रेघेला भिडली पाहिजे. इथं बघा, कॉलरीतून पट्टा येतो तो खाली उतरतो, आणि खिशात शिरला की वर चढतो. असा शर्ट मी गिऱ्हाइकाला दिला तर तोंडावर फेकेल."

ते पट्टे म्हणजे त्यांच्याच बरगड्या! खिसा दोन्ही बाजूंनी सारखा बेतलेला, त्यामुळे तो पालथाही तितकाच चपखल बसला होता. आणि फिल्म दोन्हीकडून सारखीच दिसते. चाळीस वर्षं फिल्मा लावणाऱ्या काकांनी कपाळाला हात लावला, आणि खिसा उलटवला.

बरगडीला बरगडी भिडली. डाग बाहेरच्या बाजूला सरकला. नव्या फिल्ममध्ये होता, अगदी तिथंच.

बाईंनी पट्टी घेतली. नवा मोजला. जुना मोजला. पुन्हा नवा मोजला. मास्तर श्वास रोखून उभे होते, आणि बायकोनं त्यांची बाही मुठीत धरली होती.

"तेवढाच आहे," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षांत केसभर वाढला नाही. वाईट डाग इतका थांबत नाही, मास्तर. जुनी जखम भरल्याची खूण आहे ही. मी आत्ता सर्जनशी बोलते. छाती उघडायची गरज नाही. दम हृदयामुळे लागतोय, त्याचं औषध करू. आणि सहा महिन्यांनी मला एकदा फोटो दाखवा."

मास्तर तसेच ताठ उभे. फोटो काढताना पेशंटला जे सांगतात, तेच शेवटी काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "श्वास सोडा मास्तर. सोडा आता."

मास्तरांनी श्वास सोडला आणि खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. बायको म्हणाली, "रडताय काय, खिसा तुम्हीच सरळ केलात ना?" आणि मग तीही रडू लागली.

बाईंनी ते पाच तुकडे पारदर्शक चिकटपट्टीनं जागच्या जागी जोडले, पाकिटात घातले आणि वर ठळक लिहिलं, "कापू नये." मास्तर डोळे पुसत म्हणाले, "मग मी कॉलर कशावर बेतू?" काका आत गेले आणि तारीख उलटून गेलेल्या कोऱ्या फिल्मांचा गठ्ठा घेऊन आले. म्हणाले, "हे घ्या. ह्यात कुणी नाही. खुशाल कापा."

मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटावर असं एखादं मोठं पाकीट असेल. त्यात आजोबांचा गुडघा असेल, आईची छाती असेल, कदाचित तुमचाच मोडलेला हात असेल. ते खाली उतरवा. धूळ पुसा, तारीख लिहा, सपाट ठेवा, आणि पुन्हा दवाखान्यात जायची वेळ आली तर सोबत न्या. नवी यंत्रं फार हुशार आहेत, त्यांचा मान राखा. पण काल तुम्ही कसे होता, हे त्यांना तुम्हीच सांगायचं असतं.