शेखांना न विचारता टाइप झालेला कागद

मी एक पाठकोरा कागद बोलतोय. माझ्या एका बाजूला साम्राज्य आहे आणि दुसऱ्या बाजूला लिंबाचं गोड लोणचं. मला स्वतःचा अभिमान आहे आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

माझा जन्म आखातातल्या एका बंदरात, इंग्रजांच्या कचेरीत झाला. दुसरं महायुद्ध तोंडावर आलं होतं. गुरुनाथ नावाच्या मराठी टायपिस्टनं मशीनमध्ये तीन पातळ कागद घातले, मध्ये दोन कार्बन. सगळ्यात मागचा मी. पहिल्या प्रतीवर साहेब सही करणार, दुसरी फायलीला लागणार, तिसरी तपासून झाली की जाळायची. म्हणजे माझं आयुष्य एका दुपारपुरतं होतं.

माझ्यावर काय उमटलं ते साध्या भाषेत सांगतो. बंदर शेखांचं, माणसंही शेखांची. इंग्रजांचा कायदा चालायचा तो फक्त त्यांच्या स्वतःच्या रयतेवर. पण लढाई येतेय म्हटल्यावर साहेबांना घाई झाली. कुणालाही पकडता यावं, हद्दपार करता यावं, गलबतं ताब्यात घेता यावीत. हे अरबांना लागू कसं करायचं? तर हुकूम आपण लिहायचा आणि शेखांच्या नावानं जाहीर करायचा. सातवं कलम मला पाठ आहे: 'शेखांची संमती गृहीत धरावी. नंतर कळवावे.'

शेख दोन गल्ल्या सोडून राहत होते. चालत पाच मिनिटं, वर कॉफी मिळाली असती. कुणी गेलं नाही.

गुरुनाथनं एकही चूक न करता सगळं टाइप केलं. मग रजिस्टरात 'जाळला' लिहून सही ठोकली आणि मला घडी घालून घरी नेलं. देशप्रेम? छे! माझी मागची बाजू कोरी होती. तुरुंगात जायची वेळ आली तरी चालेल, पण पाठकोरा कागद वाया घालवणं त्या माणसाला जमणारं नव्हतं. घरी त्याच्या बायकोनं, शोभनाबाईंनी, माझ्या पाठीवर पेन्सिलीनं लोणच्याची कृती लिहिली. त्या लोणच्यानं मला वाचवलं.

पुढची ऐंशी वर्षं मी पाककृतींच्या डब्यात काढली. डबा गुरुनाथच्या मुलाकडं, दीनानाथकडं गेला. मग त्याच्या मुलाबरोबर, शैलेंद्रबरोबर, आयर्लंडला आला. शैलेंद्र लिक्सलिपच्या चिप प्लांटमध्ये इंजिनियर. इथं कपाटाला प्रेस म्हणतात. मी किचनच्या प्रेसमध्ये, हळदीच्या बरणीशेजारी.

२०२० साली दीनानाथ तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यामुळं अडकले. सून सुचित्रा ड्रोहेड्याच्या हॉस्पिटलात ड्युट्यांवर ड्युट्या करत होती. म्हातारबुवांना आईच्या हातचं लोणचं हवं झालं. शैलेंद्रनं मला बाहेर काढलं आणि ओट्यावर टेकवलं. त्याच्या मुलीनं, वैदेहीनं, मला उलटलं. ऐंशी वर्षांत पहिल्यांदाच.

"आजोबा, हे काय आहे? सीक्रेट लिहिलंय वर."

दीनानाथांची छाती फुगली. "माझ्या बाबांनी केलेला कायदा आहे तो. अख्खं बंदर चालवायचे बाबा!"

"चालवायचे नाहीत, टाइप करायचे. आणि हे वाचलंत? ज्याच्या नावानं हुकूम, त्याला कुणी विचारलंच नाही."

"शेखांना काय कळणार होतं गं त्यातलं?"

"त्यांचंच गाव होतं ना, आजोबा?"

म्हातारबुवा लोणच्याकडं वळले. आता मोठ्यांबद्दल माझं मत सांगतो. साहेबानं नुसती खुर्ची पुसायला सांगितली असती तरी यांनी नातवंडांना 'आमच्याकडं खुर्ची होती' असंच सांगितलं असतं.

वैदेही तेव्हा वीस वर्षांची. इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष तिनं मधेच सोडलं होतं आणि गावातल्या सायकलवाल्याकडं नोकरी धरली होती. काळी बोटं, चेहरा खूश. बापाला ती बोटं बघवत नव्हती.

एप्रिल २०२१ मध्ये तिच्या फोनवर कॉलेजचा मेल आला. पुन्हा प्रवेश मिळाल्याबद्दल अभिनंदन!

"बाबा, मी अर्ज केलाच नव्हता."

"मी केला. तुझा पासवर्ड होता माझ्याकडं. सप्टेंबरपासून जायचं."

"मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"एक्झॅक्टली!"

"आत्ता रागावशील, नंतर ग्रँड वाटेल तुला."

ती सरळ प्रेसपाशी आली, मला काढलं आणि दुकानातला जाड काळा मार्कर उघडला. सातव्या कलमाखाली वाकड्या देवनागरीत दोन शब्द लिहिले. मला गुदगुल्या झाल्या. शाई पार लोणच्यातल्या गुळापर्यंत झिरपली.

एक मेला इथल्या मराठी मंडळाचा महाराष्ट्र दिन झूमवर होता. विषय, 'आमचे पराक्रमी पूर्वज'. शैलेंद्रनं ऐनवेळी मला फ्रेममध्ये कोंबलं. माझ्याकडं नीट बघितलंही नाही. न बघता पुढं जायची सवय, दुसरं काय. स्क्रीनवर चाळीस कुटुंबं होती. त्यानं मला कॅमेऱ्यासमोर धरलं.

"हा माझ्या आजोबांनी तयार केलेला गुप्त कायदा!"

मी तिसरी प्रत. माझी अक्षरं इतकी पुसट की कॅमेऱ्यात एकही दिसेना. मग मलिंगारच्या वसुधाताई म्हणाल्या, "शैलेंद्र, इंग्रजी काही लागत नाहीये. पण खाली मराठीत लिहिलंय ना, 'आधी विचारा'? कुणाला विचारा?"

शैलेंद्रनं फ्रेम आपल्याकडं वळवली. वाचलं. त्यावरचं कलमही वाचलं.

दीनानाथांना म्यूट कळत नाही. "ते नातीनं लिहिलंय!" ते ओरडले. "यानं न विचारता तिच्या कॉलेजचा फॉर्म भरला. मी म्हटलं होतं याला!"

काही म्हटलं नव्हतं. स्वतःची कातडी वाचवत होते. पण खरं एकदा चाळीस घरांत जाऊन बसलं की ते कोणत्या तोंडातून निघालं याला महत्त्व नाही.

त्या संध्याकाळी शैलेंद्रनं कॉलेजला मेल लिहिला: 'अर्ज माझ्या मुलीनं केलेला नाही, मी केला होता. कृपया रद्द करावा.' लिहून झाल्यावर त्यानं बटण दाबलं नाही. लॅपटॉप तिच्यापुढं सरकवला.

"पाठवू का?"

वैदेहीनं तो दोनदा वाचला. मुद्दाम वेळ घेतला. बापाला थांबायला लावलं, आणि तो थांबला.

"पाठव," ती म्हणाली.

आता मी पुन्हा डब्यात आहे. फ्रेममधून मला वैदेहीनंच काढलं, कारण जूनमध्ये लोणचं घालायचं होतं. माझ्या पहिल्या प्रतीवर कुणा बड्या साहेबाची सही असेल. असू दे. त्या सातव्या कलमाला उत्तर मिळालं ते फक्त माझ्यावर. जाळायला काढलेल्या तिसऱ्या प्रतीवर!

माझं एवढंच मागणं आहे, मला पुन्हा काचेत कोंडू नका. भिंतीवर एकच बाजू दिसते. आणि माझ्या अंगावर अजून बोटभर कोरी जागा शिल्लक आहे. कुणाला काही लिहायचं असेल तर लिहा. फक्त, आधी मला विचारा.