घटात पेरलेली काळी गाठ

मी एक जुनी गाठ आहे. दिसायला गव्हाच्या दाण्यासारखी, पण काळी, खुजी आणि टणक. मित्रांनो, गव्हाच्या कोवळ्या फुलात डोळ्यांना न दिसणारे कृमी शिरले आणि दाणा व्हायचा तिथे मी झाले. माझ्या पोटात पांढरी भुकटी आहे. ती भुकटी म्हणजे हजारो कृमी, वाळून कडकडीत झालेले. ते मेलेले नाहीत. पाण्याची वाट बघत पडले आहेत.

उत्तरेकडच्या कुठल्याशा शेतातून रेशनच्या गव्हाबरोबर मी कोल्हापूरला आले. शुक्रवार पेठेत आक्कांनी मला सुपातून वेचून फेकलं आणि त्यांच्या लेकीनं, मीनाक्षीनं, अलगद उचललं. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिनं माझी भावंडंही जमवली. केरात जाणारीला टेबलावर जागा मिळाली. माझा तोरा काय विचारता!

मीनाक्षीचं काम असं होतं. राधानगरीच्या चिखलातून ती मोकळे जगणारे कृमी आणायची. ते वाळले की बहुतेक मरायचे. आम्ही दुसऱ्याच्या जिवावर जगणारे, फुकटे म्हणा हवं तर, वाळूनही मरत नव्हतो. असं का, हे तिला शोधायचं होतं. प्रत्येक जिवात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हुकूम असतात, त्यांना जनुकं म्हणतात. औषधानं एखादा हुकूम बिघडवायचा आणि काय अडलं ते बघायचं. घड्याळाचं एक चाक काढलं की कुठला काटा थांबतो, तसं. असा हुकूम बिघडवलेला तिच्या चिखलातल्या कृमींचा एक वाण जागच्या जागी गोल फिरत राही. दुसरा हलतच नसे, नुसता जगे. त्यांच्याकडे बघताना तीसुद्धा कधीकधी भिंगावरून डोळा काढून घेई.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. कुंडीत पेरायला तिनं टपोरा गहू आणि आम्हाला एका पुडीत बांधून घरी आणलं. उंदरांच्या भीतीनं पुडी ठेवली ती नेमकी देवघराच्या फळीवर. एवढी शिकलेली बाई, पण दुसऱ्या दिवशी घट बसायचे आहेत हे काही तिच्या ध्यानात राहिलं नाही.

आक्कांना वाटलं, लेकीनं घटासाठीच गहू आणलाय. त्यांनी पुडी सोडून मातीत पेरली. 'देवीचं धान निवडायचं न्हाय' ही त्यांच्या सासूबाईंची शिकवण. रोज सूप घेऊन बसणाऱ्या आक्कांनी त्या एकाच दिवशी सूप हातात धरलं नाही. मी कागदाच्या घडीत अडकले म्हणून तेवढी उरले. रिकाम्या पुडीवरून मीनाक्षीला सगळं कळलं; तिनं मला बाटलीत घातलं आणि मनात म्हणाली, दसऱ्याला सगळं पंचगंगेत जाईल, देवीचे घट कशाला उकरा?

पण ते सगळं पंचगंगेत गेलं नाही. आक्कांची सून लीला सात महिन्यांची गरोदर होती. आदल्या वर्षी तिचं बाळ मेलेलंच जन्मलं होतं. सून पोटुशी असली की घटातलं थोडं धान दिवाळीपर्यंत राखायचं, अशी आक्कांची रीत. त्यांनी एका डब्यात रोपं लावली आणि मीनाक्षीच्या नकळत डबा लीलाच्या खिडकीत ठेवला. म्हणाल्या, "ह्ये जसं वाढंल, तसं तुजं बाळ."

माती ओली राहिली आणि माझी भावंडं जागी झाली. दिवाळी तोंडावर आली तेव्हा रोपांचे बुंधे सुजले होते. नवी पानं पीळ घालूनच बाहेर येत होती, वळलेली, आत मुडपलेली. लीला उठली की आधी तिकडे बघायची. तिला घास जाईना.

"आक्का, पोटात बी असंच पिळतंय बगा," ती एका सकाळी म्हणाली.

आक्कांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या धावत मीनाक्षीकडे आल्या. "आईचा कोप झालाय गं. ह्ये बी बाळ जातंय बग."

मीनाक्षीनं डबा पाहिला आणि माझी भावंडं ओळखली. ती रिक्षातून कॉलेजातला सूक्ष्मदर्शक घेऊन आली आणि तिनं तो घरच्या टेबलावर मांडला. मी त्याच टेबलावर बाटलीत होते. तिनं एक रोप चिरून थेंबभर पाण्यात ठेवलं आणि लीलाचा डोळा भिंगाला लावला.

"आगं बया! हलतंय की ह्ये!"

"हलणारच. माझ्या पुडीतलं कृमी हायत ते. गव्हात जगत्यात, माणसात न्हाय. वहिनी, तुज्या बाळावर ह्यांचा हुकूम चालत न्हाय."

"म्हंजे म्या पेरलं व्हय?" आक्का म्हणाल्या.

"तू पेरलंस, पण ठेवलं मीच की."

लीला पोटावर हात धरून खूप रडली. मग तिनं भाकरी मागितली. आक्कांनी रोपं मातीसकट चुलीत घातली. माझी भावंडं जळाली, पण खरं सांगते, मला त्या भाकरीचाच आनंद झाला. मार्गशीर्षात लीलाला मुलगी झाली, धडधाकट. तिचं नाव चिमी.

आता मी कॉलेजच्या कपाटात असते. शेवटची म्हणून मीनाक्षीनं मला कधी फोडलं नाही. बाटलीवर धूळ आहे आणि कपाटावरचं छप्पर गळतं. परवा सात वर्षांची झालेली चिमी आत्याबरोबर पावसातून आली. माझी बाटली हातात घेऊन बूच फिरवू लागली.

"आत्या, ह्ये मेलंय व्हय?"

"न्हाय गं."

"मग जागं करूया की!"

मीनाक्षीनं बाटली तिच्या हातातून काढून घेतली. "आदी हात पूस," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुमच्याकडे तेल मागतात, पाणी मागतात. मी उलटं मागते. धान्य देवाचं असलं तरी निवडून घ्या. आणि मला उचलायचं तर कोरड्या हातानं उचला. चिमीचा जीव मला प्यारा आहे, पण माझ्या पोटातल्या हजारांना चिमी ठाऊक नाही, गहू आणि माती एवढंच ठाऊक आहे. त्यांना एक थेंब पुरेल.