घारीने न विचारलेली सावली

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. सिनेमाचा नव्हे हं! आमच्या बोटीवरून समुद्राच्या तळाकडे आवाज सोडायचा, तो आदळून परत आला की त्याचं चित्र माझ्यावर उमटायचं. वाळू, खडक, बुडालेली पिंपं आणि कधीतरी सुरुंग. सुरुंग म्हणजे एक उजळ ठिपका आणि त्यामागे काळी सावली. खडकही तसाच दिसतो, हीच तर गोम!

नवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक! रोज मऊ फडक्याने पुसायचे. पण मी नुसता दाखवणारा; ओळखायचं माणसाने. माझ्यापुढे घारी बसायची. डोळे घारे, म्हणून सगळे तिला घारीच म्हणत. तिचा दादा आमच्या मागून येणाऱ्या नावेवर होता. तिने 'मोकळं आहे' म्हटलं की तो तिथे नांगर टाकायचा.

तासन्‌तास वाळू पाहून डोळे पेंगतात. म्हणून पलीकडच्या खोलीतून तिच्यावर देखरेख ठेवणारे मास्तर मधूनच माझ्यावर खोट्या सुरुंगाचा ठिपका सोडायचे. ठिपका दिसला की घारीने त्यांना विचारायचं. ते 'आपलाच' म्हणाले की वहीत फुली मारायची. पुढेपुढे तिला मास्तरांची खोड कळली, खोटा सुरुंग नेहमी चहानंतर येतो. मग ती विचारेनाशी झाली.

त्या दिवशी चहानंतर ठिपका आला. घारी हसली, फुली मारली आणि दादाला 'मोकळं आहे' कळवलं. मास्तरांनी काहीच सोडलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. अगं, विचार ना! पण मला कुठलं तोंड? सावली हळूहळू खाली सरकत गेली आणि माझा जीव टांगणीला लागला.

मास्तर आत आले. तुमचा आजचा पकडला, असं घारी मोठ्या ऐटीत म्हणाली.

"आज मी एकही सोडला नाही," मास्तर म्हणाले.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने झटकन वायरलेस उचलला. "दादा, नांगर टाकू नकोस. आल्या वाटेने मागे जा."

पलीकडून नुसती खरखर. मित्रांनो, इतका मी कधीच घाबरलो नव्हतो.

"नांगर हातातच आहे गं," दादाचा आवाज आला. "काय झालं?"

तिने वायरलेस मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनीच सगळं सांगितलं. ती माझ्या काचेवर कपाळ टेकून रडली. मागाहून बुडी मारून शोधणाऱ्यांना सुरुंग तिथेच सापडला.

पुढे घारी प्रत्येक ठिपक्याला विचारायची. मास्तर वैतागायचे, पण उत्तर द्यायचे.

आता मी अडगळीत धूळ खात पडलोय. मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण ओळखीचं वाटलं तरी एकदा विचारत जा, मित्रांनो. त्या दिवशी नांगर हातातच होता. दर वेळी असेलच असं नाही.