मोजणीचे तीन दिवस

साहेब येणार म्हटलं की रामराव गुरुजींच्या अंगात वारंच शिरायचं. भिंतींना चुना, अंगणात सडा, पोरांची नखं कापलेली. तपासणीत शाळेला कधी वाईट शेरा पडला नव्हता, याचा त्यांना कोण अभिमान!

वडीगोद्रीच्या अलीकडं, मोठ्या रस्त्याला चिकटून त्यांची चार वर्गांची शाळा. पोरं राहायची रस्त्यापल्याडच्या वस्तीवर. सकाळी दहाला फाटकासमोर नुसता कालवा. पोरं सोडायला जीपा थांबायच्या, बैलगाड्या अडायच्या, सायकली आडव्या, आणि त्यातूनच ट्रक भोंगे वाजवीत सुसाट जायचे. एखादं लेकरू जाईल, या धास्तीनं गुरुजींनी गतिरोधकासाठी बांधकाम खात्याकडं दोन वर्षं अर्ज केले. शहाण्णवच्या जानेवारीत उत्तर आलं. शाळेमुळं रस्त्यावर किती वाहनं येतात, ते तीन दिवस मोजू, मग ठरवू.

झालं! गुरुजी लागले की कामाला. वस्तीवर जाऊन त्यांनी सगळ्यांना बजावलं, "साहेबाची माणसं येऊन राह्यलीत. तीन दिवस फाटकासमोर एक गाडी दिसली न्हाई पाहिजे. गचाळपणा बिलकुल नको!" तातेरावाच्या हातापाया पडून त्याच्या शेतातून वाट मागून घेतली. पोरं रस्त्याच्या पुलाखालच्या कोरड्या नाल्यातून, शेतातून, रांगेनं मागच्या दारी यायला लागली. बायनाबाईची बेबीनंदा, दुसरीतली, रांगेत सगळ्यात पुढं.

खात्याचा माणूस कागद घेऊन फाटकासमोर बाभळीखाली बसला होता. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी त्याला चहा पाजला.

"कशी वाटली आमची शिस्त?"

"शिस्त बराबर हाय, गुरुजी. पण शाळेपाशी एक गाडी थांबली न्हाई. तसंच लिहू?"

"जे दिसलं ते लिहा," गुरुजी ऐटीत म्हणाले. अरे, काय म्हणावं या गुरुजींना!

चौथ्या दिवशी पोरं पुन्हा फाटकातून यायला लागली. फेब्रुवारीत पत्र आलं. शाळेमुळं वाहतूक होत नाही, सबब गतिरोधकाची आवश्यकता नाही. आपणच आपल्या हातानं घालवलं, हे गुरुजींना तेव्हा कळलं. लाज वाटली. त्यांनी पत्र कपाटात टाकलं आणि वस्तीवर सांगितलं, अर्ज वर गेलाय.

मार्चात एका सकाळी, घंटा होता होता, थांबलेल्या जीपमागून बेबीनंदा पळत निघाली आणि ट्रकखाली गेली.

पाचव्या दिवशी गुरुजी बायनाबाईच्या दारात जाऊन बसले. तातेरावही तिथंच होता.

"गुरुजी, एक इचारू?" बायनाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच गुरुजींना सोसवेना. "तवा तीन दिवस तुमी लेकरं नाल्यातून नेली. रस्ता लागलाच न्हाई. मंग ती वाट बंद काहून केली?"

"म्या न्हाई केली," तातेराव घाईनं म्हणाला. "मला पुन्हा कुणी इचारलंच न्हाई. इचारलं असतं तर रोज दिली असती."

दोघं गुरुजींकडं बघत राहिले.

"ती वाट," ते म्हणाले, "साहेबासाठी होती, बाई."